अक्षतीला आलेली माणसं

नवऱ्या मुलाकडच्या माणसांचे पोहे झाले, चहा झाला, दुसऱ्यांदा पाणी फिरलं, तरी मांडवाचा डावा अर्धा भाग तसाच भकास पडलेला. सतरंज्यांवर ऊन, आणि त्या उन्हात अंग ताणून झोपलेलं एक कुत्रं. रेणुकानं त्याला हाकलायला दोनदा हात उचलला आणि दोन्हीदा खाली घेतला. निदान कोणीतरी बसलंय, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

तो डावा भाग कॉलेजचा. रेणुकाच्या सासऱ्यांच्या, उत्तमरावांच्या घरात लग्न असो, बारसं असो की तेरवी, मांडव डोणगावच्या रस्त्यावर कॉलेजमागच्या पटांगणातच पडायचा आणि डावीकडे कॉलेज बसायचं. बसायचं कसलं, बसायला फुरसत असायची कोणाला! या घरच्या पंगतीला आजवर भाड्याचा वाढपी लागला नव्हता. प्राध्यापक, कारकून, शिपाई, सगळे बाह्या सारून बादल्या उचलायचे. भाजी कोणाकडे, पुऱ्या कोणाकडे हे ठरवावंही लागत नसे. वरणाची बादली मात्र कॉलेजातल्या जयमालाची, रेणुकाच्या मैत्रिणीची. रेणुकाच्या सासूबाई झुंबरबाई गेल्या तेव्हा तेरवीला ती रडत रडत वाढत होती, पण बादली काही दुसऱ्याच्या हाती दिली नाही तिनं.

आणि आज रेणुकाच्या लेकीचं, प्रेरणाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. उत्तमरावांच्या नातवंडांतलं पहिलं शुभकार्य. आचाऱ्यानं वरणाचा गंज उतरवून ठेवला होता, बादल्या घासूनपुसून चुलवणाजवळ ओळीनं मांडल्या होत्या, आणि त्या उचलायला काळं कुत्रं नव्हतं.

"काय व रेणुका," सिंधूताई जवळ आल्या. रेणुकाच्या नवऱ्याची, माणिकरावांची, ही थोरली बहीण लोणारला दिलेली. जिभेवर तिच्या कधी लगाम नव्हता. "तुह्या कॉलेजातले लोकं रस्ता चुकले का काय?"

"येतीन, ताई."

"कवा येतीन? पोरीच्या सासूनं मले दोनदा इचारलं, तुमच्याकडचे एवढेच का म्हणून. मी म्हणलं, थांबा बाई, आमच्याकडचे आले का मांडव पुरत नाही. आता माह्यावालं तोंड कुठी लपवू?" मग आवाज खाली आणून, "अक्षत देल्ली होती ना?"

"घरोघरी देल्ली. एक घर सोडलं नाही."

"घेतली?"

"सगळ्यायनं घेतली."

"मंग?"

या 'मंग'ला रेणुकाजवळ उत्तर होतं, पण ते तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि रस्त्याकडे पाहत राहिली.

ही अक्षतीची रीत उत्तमरावांची. कॉलेज त्यांनीच काढलेलं; तेव्हा अनुदान नव्हतं, पगार कधी व्हायचा, कधी नाही. तरी त्या माणसानं कधी नोटीस काढली नाही. कार्यक्रम असला की स्वतः वाटी घेऊन निघायचे आणि पहिलं घर शिपायाचं करायचे. कोणाकडे कुंकवाचे तांदूळ, बौद्ध घरी नुसत्या फुलांच्या पाकळ्या. "माह्या माणसायले मी नोटीस काढू का?" असं म्हणायचे. अक्षत हातात घेतली म्हणजे जबान दिली. न यायचं असेल त्यानं हात जोडून नाही म्हणावं, त्यात राग नाही. पण घेतली आणि आला नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

त्यांचे डोळे गेले तसं ते काम रेणुकाकडे आलं. ती सून खरी, पण त्याआधी याच कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला आलेली मास्तरीण. लोक तिला ओळखत होते.

म्हणून तर फेब्रुवारीत माणिकरावांनी तिलाच गाठलं होतं. तीन कॉलेजं मिळून नवं समूह विद्यापीठ होणार होतं: हे, लोणारचं आणि पार तिकडे सातपुड्याच्या पायथ्याचं, सोनाळ्याचं. माणिकराव परिसर संचालक होणार होते. लोणारला आणि सोनाळ्याला कर्मचाऱ्यांनी काळ्या फिती लावल्या होत्या, उद्घाटनाला जायचं नाही असं ठरवलं होतं. "तू अक्षत घेऊन जाय," माणिकराव म्हणाले होते. "सांग, कोणाची बदली होणार नाही. मी सांगून राह्यलो ना!" आणि ती गेली. दारोदार तेच सांगितलं. कोणी कागद मागितला नाही, लेखी द्या म्हणालं नाही. रेणुकाताई अक्षत घेऊन आली आणि सांगून राह्यली, आता याच्यावर काय पाहिजे? उद्घाटनाला या परिसराचा एकूण एक माणूस हजर होता. कुलगुरू भाषणात गहिवरले. विद्यापीठ कायद्यानं स्थापन होतं, पण उभं राहतं ते अशा माणसांमुळे, असं म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत जयमाला पुढच्या रांगेत होती.

गणपती उठले आणि बदल्या आल्या.

जयमालाला सोनाळा. जिल्ह्याचं हे टोक सोडून ते टोक. घरात अर्धांगानं खाटेवर पडलेला नवरा; त्याला कूस बदलायलाही तीच लागते. पुढच्या सत्रापासून हजर व्हायचं होतं. ती रेणुकाशी भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत, काही विचारलंही नाही. संध्याकाळी दोघी फिरायला जायच्या, तेवढं तिनं बंद केलं. मागच्या आठवड्यात रेणुका अक्षत घेऊन गेली तेव्हा तिनं पाट दिला, पाणी दिलं, दोन्ही हात पुढे करून अक्षत घेतली आणि पदराच्या शेवाला गाठ मारली. एक शब्द बोलली नाही. तरी रेणुका घरी येऊन माणिकरावांना म्हणाली होती, "घेतली बरं जयानं. येईन ती."

"आई," प्रेरणानं हाक मारली. मोतिया साडी नेसून पोरगी स्टेजवरच्या खुर्चीत बसली होती आणि सारखी डावीकडे पाहत होती. शेजारी तिचा होणारा नवरा, गजेंद्र, मोबाईल चाळत होता. "जयामावशी कवा येईन?"

"येईन व. घरी काकाचं करून निंघा लागते ना तिले."

"मीच गाडी घेऊन जाऊ का आणाले?"

"येडी झाली का? नवरी जाते का कुठी!"

पोरीनं मान खाली घातली. ती रांगायला शिकली ती जयमालाच्या अंगणात, आणि हे सगळं काय चाललंय ते तिला कळत नसेल असं थोडंच होतं!

चुलवणामागे, पाण्याच्या टँकरच्या सावलीत, माणिकराव उभे होते. अंगावर नवा कोट, कपाळावर घाम. समोर त्यांचा धाकटा भाऊ रवी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा आणि कर्मचारी संघटनेचा अध्यक्ष. दोघे गेल्या गणपतीपासून एकमेकांशी फक्त कामापुरते बोलत होते. तिसरा प्रज्वल, विद्यापीठाच्या मुख्यालयातून इथं पाठवलेला समन्वयक. पोरगा नम्र, इस्त्रीतला, बोलणं पुण्याकडचं.

"ताई, पुऱ्या सोडू का?" आचाऱ्यानं विचारलं.

"थांबा थोडं," रेणुका म्हणाली आणि त्या तिघांजवळ गेली.

"तूच सांगितलं त्यायले येऊ नका म्हणून," माणिकराव भावाला म्हणत होते. "खरं सांग."

"दादा, माह्या पुतणीचं साक्षगंध हाये. मी काऊन मोडता घालू? देवाशपथ, माह्या तोंडून शब्द निंघाला नाही. सांगाची गरजच नाही पडली."

"मंग काऊन नाही आले?"

"हे तू मले इचारतं?"

"मी काय हौसेनं केलं का हे!" माणिकरावांचा आवाज चढला, तसा त्यांनी मांडवाकडे पाहून तो दाबला. "वर्गात पोट्टे नव्हते. तुह्याच शाखेत किती होते, सांग? यंदा नाही तं पुढच्या साली कुलूप लागलं असतं, कुलूप! आज पगार तरी होऊन राह्यले ना सगळ्यायचे?"

"होऊन राह्यले. मी कुठी नाही म्हणतो? पण कॉलेज कुठी हाये? बोर्ड नवा, शिक्का नवा, कुलगीत नवं. बाबानं दान देल्लेल्या जागेवर पोरीचा मांडव टाकाचा तं तुले मुख्यालयात अर्ज करा लागला. आन् तो मंजूर होऊन आला 'स्वच्छतेच्या अटीवर'! तुमच्या इद्यापीठापाशी सगळं होतं, दादा. माणसंच नव्हती. थे वहिनीनं आणून देल्ली. आन् आणून देल्ल्यावर पहिलं काम काय केलं तुमी? त्यायलेच उचलून फेकलं."

"मले बी शब्द देल्ला होता कुलगुरूंनी. मंग म्हणाले, जुनी माणसं एकाच जागी राह्यली तं ते जुन्याच कॉलेजचे राहतात. तीन परिसर एकजीव झाले पाह्यजे. मिसळा म्हणाले."

"मिसळा! भाजी हाये का?"

"सर, विचार म्हणून तो चुकीचा नाहीये," प्रज्वल हळूच म्हणाला. "विलीनीकरणात निष्ठा नव्या संस्थेकडे वळवावी लागते. वेळ लागतो."

त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. रेणुका पाहत होती ती नवऱ्याकडे.

"कवा म्हणाले मिसळा?" तिनं विचारलं.

"काय?"

"कुलगुरू. कवा म्हणाले? मी फेब्रुवारीत अक्षत घेऊन निंघाली, त्याच्या आंधी का मंग?"

माणिकराव कोटाचं बटण लावायला लागले. बटण लागलेलंच होतं.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"माहीत नव्हतं. अंदाज होता." मग एकदम वैतागून, "आता हे काढाची वेळ हाये का? कुलगुरू येऊन राह्यले इथं!"

रेणुकाला वाटलं, आपण ओरडू. टँकरचं पाणी टपटप गळत होतं, तिथं चिखल झाला होता, त्यात तिची एक चप्पल रुतली होती. ती ओरडली नाही. इतकी वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्या माणसानं आपल्या तोंडात खोटं घालून आपल्याला दारोदार फिरवलं, आणि आपण ऐटीत फिरलो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. तिला फार एकटं वाटलं.

"सर, कुलगुरू मेहकरहून निघालेत," प्रज्वल फोन पाहून म्हणाला. "मांडव असा दिसला तर... म्हणजे, इतर परिसरांत त्यांना जे दिसतं तेच इथं दिसेल." त्यानं घसा साफ केला. "एक सुचवू? ग्रुपवर मेसेज टाकू या. कौटुंबिक कार्यक्रम असं लिहिता येणार नाही, पण 'परिसर एकात्मता स्नेहभोजन' लिहू. कुलगुरूंची उपस्थिती आहेच. उपस्थिती अनिवार्य, ओळखपत्र सोबत आणावे. फोटो जिओटॅग करून घेतले की अहवालातही जाईल. रेणुका मॅडम कर्मचारी कल्याण समितीच्या अध्यक्ष आहेत. त्यांच्या नावानं गेला तर आपुलकीचं वाटेल."

"आपुलकीचं!" रवी हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

माणिकराव बायकोकडे वळले. आता त्यांचा आवाज अगदी घरातला झाला होता. "तू नाही म्हणशीन तं नाही टाकत, रेणुका. पण पाह्य जरा तिकडं."

तिनं पाहिलं. मांडवाच्या कापडाला फट होती. व्याही उठून उभे राहिले होते आणि घड्याळ पाहत होते. विहीणबाई कोणाच्या तरी कानात काही सांगत होत्या, आणि ऐकणारी त्या डाव्या सतरंज्यांकडे बघून हसली. प्रेरणा हाताची मेंदी खरवडत बसली होती.

"वहिनी, नका टाकू," रवी म्हणाला. "चार माणसं कमी आले तं लग्न मोडत नाही. पण हे टाकलं तं जे उरलंसुरलं हाये तेबी जाईन."

"काय उरलं, भाऊजी?" ती म्हणाली. "पाहून नाही राह्यले का तुमी? कोणी आलं का? एक तरी आलं का?"

"टाकू दे बाप्पा," मागून सिंधूताई म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "सकाळपासून मीच माणिकले शिव्या देऊन राह्यली, पण पोरीची इज्जत हाये. येऊ दे कसेबी."

"टाका," रेणुका म्हणाली. "माह्या नावानं टाका."

प्रज्वलनं टाकला.

आणि काय सांगावं! पुऱ्यांचा पहिला घाणा निघाला नाही तोच फाटकावर मोटरसायकली दिसायला लागल्या. जोडीजोडीनं, मग रांगेनं. डोणगाव काही मोठं नाही, सगळे घरीच होते. आंघोळ करून, कपडे घालून घरीच बसले होते. विमलबाई कारकून आल्या, ग्रंथालयातले आले, प्रयोगशाळेतले आले. सगळ्यांच्या गळ्यात विद्यापीठाच्या निळ्या फितीची ओळखपत्रं. साक्षगंधाच्या मांडवात ओळखपत्रं घालून आलेली वऱ्हाडी व्याह्यांनी पहिल्यांदाच पाहिली असतील. कुत्रं उठून निघून गेलं.

"या, या," माणिकराव हात जोडत होते. "नमस्कार सर," लोक म्हणत होते आणि जाऊन बसत होते. ओळीत, मांडी घालून, मुकाट.

बादल्यांकडे कोणी गेलं नाही. एकटा रंगराव शिपाई सवयीनं चुलवणाकडे चालायला लागला, बाहीसुद्धा सारली त्यानं, मग अर्ध्या वाटेवर थांबून मागे पाहिलं. सगळे बसलेले होते. त्यानं बाही खाली केली आणि परत येऊन त्यांच्यात बसला.

जयमाला सगळ्यांच्या मागून आली. हिरवी इरकल नेसली होती, लग्नकार्यातली. सरळ स्टेजवर गेली, प्रेरणाच्या ओटीत नारळ आणि खण घातला, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन काहीतरी बोलली. पोरगी तिच्या गळ्यात पडून रडली. मग जयमाला खाली उतरली, पिशवीतून ओळखपत्र काढून गळ्यात घातलं आणि ओळीच्या टोकाला जाऊन बसली. रेणुका दहा पावलांवर उभी होती. तिच्याकडे तिनं पाहिलं नाही.

कुलगुरू आले. टिळा झाला, अंगठ्या झाल्या, गुलाबाची फुलं झाली. त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला तेव्हा ते खरोखरच भारावले होते, माणूस काही ढोंगी नव्हता. "मी तिन्ही परिसरांत फिरतो," ते म्हणाले. "आदेश सगळीकडे पाळले जातात. पण असं कुटुंब मला फक्त इथं दिसतं. संचालकांच्या मुलीच्या मंगलप्रसंगी सबंध परिसर स्वतःहून जमतो! माणिकराव, हे बाकीच्यांनाही शिकवा हो." टाळ्या एकदम सुरू झाल्या आणि एकदम थांबल्या. माणिकराव हसत होते. रेणुकानं इतक्या वर्षांत त्यांचं ते हसू पाहिलं नव्हतं, अगदी लहान पोरासारखं, आणि तिला एकाच वेळी कीव आली आणि किळस.

पानं मांडली. आता वाढायचं कोणी?

रवीनं भाजीची बादली उचलली. सिंधूताईंनी पुऱ्यांची टोपली कमरेवर घेतली. "घरच्याच लोकायले वाढा लागते का इथं?" विहीणबाई म्हणाल्या, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. रेणुकानं पदर खोचला आणि वरणाची बादली उचलली. ती एवढी जड असते हे तिला माहीत नव्हतं.

ती ओळीनं वाढत गेली. आधी जी पंगत म्हणजे नुसता कालवा असायचा, अरे इकडं आण, बे त्याले दे आणखी, काय व वरणाले तिखट विसरले का, त्या पंगतीत आज पळीचा आवाज ऐकू येत होता. "बस, मॅडम." "थोडं, मॅडम." "धन्यवाद, मॅडम." प्रज्वल वाकून वाकून फोटो काढत होता. फोटोत सगळे येतील असं पाहत होता. रंगरावानं वरण घेताना मान वर केली नाही.

शेवटचं पान जयमालाचं.

"जया, वरण."

जयमालानं पानावर आडवा हात धरला. "नको, मॅडम."

रेणुकाच्या हातातली पळी तशीच राहिली. रेणुका कॉलेजात आल्यापासून ही बाई तिला रेणू म्हणत आली होती; सासूसमोर रेणुताई, दोघीच असल्या की रेणू.

"मॅडम काऊन म्हणतं व?" ती खाली बसली. "दोन घास खा. माह्यासाठी नाही, पोरीसाठी खा. सकाळपासून तुलेच इचारून राह्यली ती."

"पोरीले भेटली मी. तिचं काय चुकलं?"

"जया, मले माहीत नव्हतं. देवाच्यान, माहीत नव्हतं. मले आज समजलं, आत्ता, टँकरापाशी. मलेबी फसवलं त्यायनं."

"असन." जयमालाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मलेबी तेच वाटत होतं. रेणू खोटं नाही बोलाची, तिलेच कोणी सांगितलं नसन. सकाळपासून ह्यायच्या खाटीपाशी बसून तेच घोकत होती मी. हे म्हणाले, जाय, येवढं मनात नको धरू, अक्षत घेतली ना तू. साडी काढली, नेसली. शेजारणीले ह्यायच्यापाशी बसवलं. बाकीचेबी माह्या फोनची वाट पाहून राह्यले होते, जयाताई निंघाली का आपुन निंघू म्हणत होते. निंघालीच होती मी. पायात चप्पल होती माह्या." ती थांबली. "आन् तेवढ्यात तुमच्या नावाचा मेसेज आला. मंग ओळखपत्र घ्याले परत आत गेली."

रेणुकानं पळी बादलीत सोडली.

जयमालानं पदराच्या शेवाची गाठ दातांनी सोडवली. त्यातल्या अक्षता रेणुकाचा डावा हात ओढून त्यात ओतल्या आणि तिची मूठ आपल्या हातांनी मिटवली. हात तिचे गरम होते.

"ह्या तुमच्या राहू द्या. मी काही अक्षतीले आली नाही."

"जया..."

"हजेरी लागली ना? उठू का मी? ह्यायची औषधाची वेळ झाली."

"एक मिनिट मॅडम," मागून प्रज्वलचा आवाज आला, "पानावरचा हात जरा बाजूला घ्या ना. फोटो घेतोय."

जयमालानं हात बाजूला घेतला. फोटो झाला. मग ती उठली, कोरं पान उचललं, मोडून पिंपात टाकलं आणि फाटकाकडे चालायला लागली. ती उठलेली पाहून ओळीतली सगळी उठली.

मांडवाच्या टोकाला, खांबाशेजारी, उत्तमराव आरामखुर्चीत बसले होते. डोळ्यांना आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण पंगत उठल्याचा, इतक्या पायांचा आवाज त्यांनी ऐकला होता, आणि त्यांचा चेहरा फुलून आला होता.

"रेणुका हाये का व?"

"हाव, मामाजी."

"सगळे आले ना?"

"आले."

"कोणी राह्यलं तं नाही ना घरी?"

"नाही, मामाजी. सगळे आले."

"म्हणलं होतं ना मी माणिकले! तो लय भेत होता. म्हणे, बाबा, आता पह्यलेसारखं राह्यलं नाही. मी म्हणलं, इद्यापीठ होऊ दे नाहीतं आणखी काही होऊ दे. आपला माणूस अक्षतीले येते." ते हसले. मग हवेत नाक उचलून, "वरण बरं झालं वाटते. जयमालाच वाढून राह्यली असन ना?"

रेणुकानं बादली हळूच खाली ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

"हो, मामाजी. तीच वाढून राह्यली."

प्रेरणा आणि गजेंद्र पाया पडायला आले. दोघं खाली वाकली. म्हाताऱ्यानं चाचपडत नातीचं डोकं शोधलं आणि दुसरा हात रेणुकाच्या दिशेनं पसरला.

"आण व, अक्षत दे."

स्टेजवरचं तबक कधीच रिकामं झालं होतं. रेणुकानं मूठ उघडली. घामानं तांदळाचं कुंकू सुटून तळहात लाल झाला होता. ती क्षणभर थांबली. म्हाताऱ्याचा हात पसरलेलाच होता, वाकलेली पोरगी वर पाहायला लागली होती. रेणुकानं ते तांदूळ त्यांच्या हातावर ठेवले.

"सुखी राहा," उत्तमराव म्हणाले आणि त्यांनी त्या अक्षता नातीच्या डोक्यावर टाकल्या. रेणुकाजवळ दुसऱ्या नव्हत्या.